औषधाची किंमत आणि जमिनीचे मोल : हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा इतिहास

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा इतिहास बहुधा पेनिसिलिनच्या संदर्भात सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो दोन किमतींच्या अंगाने पाहिला आहे : शासनाने बांधून दिलेली औषधाची किंमत आणि बाजारात वाढत गेलेली जमिनीची किंमत.

युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध तिच्याच प्रयोगशाळेतले. ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

१९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये औषधांच्या किमतींवर नियंत्रण आले. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली आणली. कच्चा माल, प्रक्रिया व वेष्टन यांच्या खर्चावर वर्गवारीनुसार ४०, ५५ वा १०० टक्के वाढ अनुज्ञेय होती. ही वाढ म्हणजे निव्वळ नफा नव्हे. विक्रेत्यांचे कमिशन आणि विक्रीखर्चही तिच्यातूनच भागवायचा होता. शिवाय औषध जितके जीवनावश्यक, तितकी ही वाढ कमी. हेतू निःसंशय लोकहिताचा होता. परंतु खासगी उत्पादकाला अधिक लाभाच्या औषधांकडे वळता येत होते, सार्वजनिक कंपनीला ती मोकळीक तेवढी नव्हती.

तथापि सारा दोष किंमत-नियंत्रणावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. नियंत्रित औषधांची संख्या १९८७ मध्ये १४२ आणि १९९५ मध्ये सुमारे ७५ इतकी उतरली, तरी कंपनी सावरली नाही. आयात खुली झाल्यावर चीनमधून आलेल्या स्वस्त पेनिसिलिनपुढे भारतीय उत्पादन टिकेना. १९९७ मध्ये कंपनी आजारी उद्योगांत गणली गेली.

दरम्यान कारखान्याभोवतीचे गाव उद्योगनगरी झाले. १९७० मध्ये तेथे नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कारखान्यासाठी घेतलेली जमीन आता शहराच्या मध्यात होती. कंपनीने तिच्यात गुंतवणूक म्हणून पैसा घातला नव्हता. मोल वाढले ते शेजारच्या उद्योगांमुळे, रस्त्यांमुळे आणि वस्तीमुळे. ताळेबंदात मात्र जमीन मूळ खरेदीच्या किमतीनेच मांडली जाते, त्यामुळे तोटा कागदावर दिसे आणि ही संपत्ती दिसत नसे.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अतिरिक्त जमीन विकून कंपनीची देणी भागवण्याचे ठरवले. म्हणजे औषधाच्या किमतीतून जे भरून निघाले नाही, ते जमिनीच्या किमतीतून भरून काढायचे होते. कामगारांचे थकलेले वेतन मात्र तेवढा काळ थांबू शकत नव्हते. त्यासाठी २०१९ मध्ये अर्थसंकल्पातून कर्ज मंजूर करावे लागले.