भोर-वेल्ह्याचे दप्तर आणि इंटरनेटचा आरंभकाळ

१

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून, भोर व वेल्हे हे दोन तालुके पसरलेले आहेत. यांपैकी वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. ऐतिहासिक विवेचनाच्या सोयीसाठी येथे जुनेच नाव योजिले आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांची खोरी आणि तोरणा, राजगड, रोहिडा हे किल्ले यांनी हा मुलूख घडविला. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत यातील बराचसा प्रदेश भोर संस्थानात मोडत असे. संस्थानच्या पाच तालुक्यांपैकी विचित्रगड, राजगड व प्रचंडगड या तिघांची नावे अनुक्रमे रोहिडा, राजगड व तोरणा या गडांवरून पडलेली होती.

या संस्थानचे अधिपती पंतसचिव होत. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतील सुरनीस. राज्यातून निघणारी पत्रे व महालोमहालचे हिशेब तपासून शुद्ध करणे हे त्याचे काम. ज्या घराण्याचा अधिकार मुळात दप्तराच्या देखरेखीतून उत्पन्न झाला, त्या घराण्याकडे हा डोंगरी मुलूख अडीच शतके राहिला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दप्तर म्हणजे सत्ता हा अनुभव येथील कुणब्याला नवा नव्हता. गावपातळीवर ते दप्तर कुलकर्ण्याच्या हाती व मोडी लिपीत असे. आपल्या जमिनीची नोंद काय आहे हे जाणण्यासाठी शेतकऱ्यास वाचून दाखविणारा शोधावा लागे. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपुष्टात आली व त्या जागी पगारी तलाठी आला. मोडी जाऊन बाळबोध लिपीही रूढ झाली. तथापि नोंद एकाची आणि वाचणारा दुसरा, हा संबंध मात्र पुष्कळ अंशी तसाच राहिला.

इंटरनेटच्या आरंभकाळाचा विचार सामान्यतः यंत्रांच्या व तारांच्या अंगाने केला जातो. परंतु भोर-वेल्ह्यासारख्या प्रदेशात त्याचा खरा इतिहास या जुन्या संबंधाचा इतिहास आहे. नव्या साधनाने वाचून दाखविणाऱ्याची गरज कमी केली, की केवळ त्याचे नाव बदलले, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

२

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तत्पूर्वी विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यासाठी अर्नेट आणि शासकीय कार्यालयांसाठी निकनेट ही जाळी अस्तित्वात होती. निकनेट जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचले होते. पण ते शासनाने शासनाशी बोलण्याचे साधन होते. १९९५ च्या सेवेचे केंद्र महानगरांत, तिची वर्गणी वर्षाला हजारो रुपयांच्या घरात, आणि तिचा मार्ग टेलिफोनच्या तारेवरून. या तीन अटी लक्षात घेतल्या म्हणजे डोंगरातील वाडीस या सेवेचा उपयोग किती होता हे निराळे सांगावयास नको.

टेलिफोनचीच अवस्था पाहू जाता, १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यात दूरध्वनी पोहोचविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ते साधले नाही. १९९९ च्या नव्या धोरणाने तीच मुदत २००२ पर्यंत पुढे नेली. ज्या गावात एकच सार्वजनिक दूरध्वनी, त्या गावातील माणसास मुंबईतील नातेवाइकाचा निरोप मिळणे हीच मोठी सोय होती. एसटीडीच्या पेटीवर बसणारा मनुष्य हा त्या काळचा नवा निरोप्या होय.

३

ग्रामीण महाराष्ट्रातील पहिला मोठा संगणकीय प्रयोग या डोंगरपट्ट्यात झाला नाही. तो झाला दक्षिणेस, कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांच्या वारणाखोऱ्यात. भोर-वेल्ह्याचा प्रश्न समजण्यास हा प्रयोग फार उपयोगी पडतो; कारण जेथे अनुकूलता होती तेथे काय घडले हे पाहिल्यावाचून, जेथे ती नव्हती तेथील उणीव नेमकी कोणती हे ठरविता येत नाही.

तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी साखर कारखान्याभोवती दूधसंघ, बँक, शाळा व महाविद्यालये यांचे एक संपन्न जाळे निर्माण झाले होते. १९९८ मध्ये केंद्रशासन, राज्यशासन व वारणा समूह यांनी मिळून परिसरातील सुमारे ७० गावांसाठी एक योजना हाती घेतली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तिची उभारणी केली. गावोगावच्या केंद्रांवर संगणक बसवून शेतकऱ्यास पिकांविषयी सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, आरोग्य व शिक्षण यांविषयी माहिती मराठीतून मिळावी, असा मूळ संकल्प होता.

प्रत्यक्षात केंद्रांवर जे काम चाले ते मुख्यत्वे उसाचे. लागणीची नोंद, तोडणीचा परवाना, किती टन ऊस भरला, बिलाची रक्कम किती झाली, एवढ्यासाठी शेतकरी तेथे येई. यंत्रासमोर मात्र केंद्रचालक बसे. शेतकरी पलीकडे उभा राहून विचारी व तो वाचून सांगे. पुढे बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनशाळेतील अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली तेव्हा हीच गोष्ट त्यांना आढळून आली. २००६ च्या सुमारास त्यांनी सात गावांत संगणकाचे काम भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशावर सोपविण्याचा प्रयोग केला. शेतकऱ्यास हवी असलेली माहिती इतकी मोजकी होती की ती एका लघुसंदेशात मावत असे.

या हकिकतीवरून वारणेचा प्रयोग फसला असे म्हणणे न्याय्य होणार नाही. कारखान्याचा हिशेब सुधारला आणि शेतकऱ्याची खेप वाचली, हा लाभ खराच. पण त्यातून एक नियम दिसून येतो. जेथे माहितीमागे रोजचा व्यवहार उभा असतो तेथेच साधन रुजते, आणि जी माहिती संस्थेच्या स्वतःच्या उपयोगाची असते तीच प्रथम यंत्रात भरली जाते. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम भागातील भात, नाचणी व वरीच्या तुकड्यांवर जगणाऱ्या कुटुंबांमागे असा संघटित व्यवहार नव्हता. त्यांची माहिती यंत्रात भरण्याची गरज कोणत्याच संस्थेला तातडीची वाटण्याजोगी नव्हती.

पुणे जिल्ह्यातच निराळ्या वाटेने झालेले एक कार्य येथे नमूद करावयास हवे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००३ च्या सुमारास बारामतीच्या कृषिविज्ञान केंद्राच्या साहाय्याने मराठीतून प्रश्न विचारण्याची व तज्ज्ञांची उत्तरे मिळविण्याची सोय सिद्ध केली. येथे शेतकऱ्याचा प्रश्न हा आरंभबिंदू होता. माहिती वरून खाली सोडण्याऐवजी ती खालून मागविली जात होती, हा फरक मोलाचा आहे.

४

मराठीतून माहिती द्यावयाची म्हणजे ती मराठी अक्षरांत टंकित करणे, पाठविणे व शोधणे शक्य झाले पाहिजे. या बाबतीत आरंभकाळ मोठ्या अडचणीचा होता. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने भारतीय लिप्यांच्या संगणकीय व्यवहारात पुढाकार घेतला होता आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण संकेतावलीही मान्य केली होती. युनिकोड या जागतिक संकेतावलीतही देवनागरीस त्याच वर्षापासून स्थान होते. परंतु व्यवहारात अनेक वर्षे प्रत्येक टंककंपनीची अक्षरजुळणी वेगळी राहिली. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला असता त्याची निरर्थक चिन्हे होत. मजकूर डोळ्यांना मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरेच असत. म्हणून त्यात शब्द शोधणेही अशक्य होई.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही स्थिती मोडीच्या काळाशी ताडून पाहण्याजोगी आहे. मोडी वाचणारा दुर्मिळ, तसाच योग्य टंक बाळगणारा संगणकही दुर्मिळ. दोन्ही प्रसंगी भाषा वाचकाची स्वतःचीच होती. आड आली ती लिपीची संकेतव्यवस्था. २००० नंतर संगणकांच्या मूळ प्रणालीतच युनिकोडानुसारी देवनागरीची सोय होऊ लागली, तेव्हा ही अडचण हळूहळू ओसरली.

५

माहिती खेड्यात पोहोचण्याचा मार्ग असा अडलेला असताना खेड्यातील ज्ञान मात्र बाहेर जाऊ लागले होते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील ज्या डोंगरी प्रदेशाचा भोर-वेल्हे हा भाग आहे, तेथे हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी १९८० नंतरच्या काळात जात्यावरील ओव्यांचा संग्रह आरंभिला. पुढे त्याचा विस्तार महाराष्ट्रभर झाला. सुमारे एक हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधील संगणकीय संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल या कार्यात सामील झाले. त्यांनी ओव्यांची संगणकीय सूची सिद्ध केली व सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. हे साहित्य प्रथम गुरगावच्या लोकसंगीत-संशोधन संग्रहालयात आणि नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील अभिलेखागारात ठेवण्यात आले.

या संग्रहाचे एक वैशिष्ट्य विशेष आदरास पात्र आहे. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव व तालुका यांची नोंद केलेली आहे. जुन्या लोकगीतसंग्रहांत गाणारी बहुधा अनामिक राही. तिच्या ओवीस 'लोकांची' म्हणून छापले जाई. सरकारी दप्तरात जिचे नाव क्वचितच, आणि तेही बापाच्या वा नवऱ्याच्या आधाराने येई, तिची येथे स्वतःच्या वाणीची धनीण म्हणून नोंद झाली.

मात्र ही नोंद तिला वाचता येत होती काय, हा प्रश्न उरतोच. विजेवरील पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात पडली, ओव्या विस्मरणात जाऊ लागल्या; आणि त्याच सुमारास त्यांची सूची दूरदेशीच्या यंत्रात सुरक्षित होत होती. गाणाऱ्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या ध्वनी, चित्रफीत व अनुवाद यांसह सर्वांसाठी खुल्या करण्यास आरंभ केला. संग्राहकांनी पुन्हा गावोगाव जाऊन जुन्या गाणारणींची भेटही घेतली. जिला वाचता येत नाही तिला ऐकता येते. म्हणून या ठिकाणी ध्वनीने जे साधले ते लिपीला साधणे शक्य नव्हते.

६

सार्वजनिक माहितीच्या बाबतीत शासनाचे कर्तव्य कायद्याने स्पष्ट झाले ते याच काळात. महाराष्ट्राने २००२ मध्ये आपला माहिती अधिकाराचा कायदा केला व २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने शासकीय कार्यालयांनी आपण होऊन, इंटरनेटसह विविध साधनांनी, माहिती प्रसिद्ध करावी असे सांगितले. त्याच कलमात माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे साधन यांचा विचार करावा, असेही म्हटले आहे. या दुसऱ्या वाक्याकडे अभ्यासकांचे व शासनाचेही लक्ष त्या मानाने कमी गेले.

पुढील घटना क्रमाने सांगावयाच्या तर २००६ नंतर नागरी सेवा केंद्रे, २०११ नंतर ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना, २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि २०२१ मध्ये ई-पीक पाहणी. यांतील शेवटची सर्वांत लक्षणीय होय. गावनमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. ती आजवर कुलकर्णी वा तलाठी लिही. ई-पीक पाहणीत आपल्या शेतातील पीक शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह नोंदवावयाचे असते. दप्तरात लिहिण्याचा अधिकार ज्याची नोंद त्याच्याच हाती येण्याचा हा प्रसंग इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल.

अर्थात अधिकार आला म्हणजे सामर्थ्य आले असे होत नाही. डोंगराच्या आडोशाला भ्रमणध्वनीची लहर क्षीण होते, ही एक अडचण. पण ती तंत्राने दूर होण्याजोगी आहे. दुसरी अडचण भाषेची आहे. भोगवटादार, फेरफार, पोटखराब, इतर हक्क, जलसिंचनाचे साधन हे शब्द मराठीच असले तरी ते कचेरीच्या मराठीतील आहेत. मावळातील शेतकरी जमिनीच्या प्रती, बांध, पाणी व वाटा यांविषयी बोलतो तेव्हा त्याची शब्दसंपत्ती याहून सूक्ष्म, पण निराळी असते. जोवर या दोहोंचा मेळ घातला जात नाही तोवर नोंद करावयास तो शेजारच्या शिकलेल्या मुलाकडे वा सेवा केंद्राकडेच जाणार, आणि वाचून दाखविणारा पुन्हा नव्या रूपाने हजर होणार.

त्या मध्यस्थाची निंदा करण्याचे कारण नाही. वारणेचा केंद्रचालक, एसटीडीच्या पेटीवरील मनुष्य, ओव्या उतरवून घेणाऱ्या कार्यकर्त्या, यांच्यावाचून हा इतिहास घडलाच नसता. मात्र त्याच्यावर विसंबणे ऐच्छिक आहे की अपरिहार्य, यावरून सार्वजनिक माहिती खरोखर सार्वजनिक झाली की नाही हे ठरते. या दृष्टीने भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत शेती, जमीन व पाणी यांविषयीची बोलीतील परिभाषा गोळा करणे आणि ती महसुली परिभाषेशी पदशः ताडून पाहणे, हे काम मराठीच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्याजोगे आहे. जुन्या पिढीच्या तोंडी ही परिभाषा आहे तोवरच ते होऊ शकेल.