बार कितीला पडला?

आमच्या गगनबावड्यात शिकारीच्या जुन्या गोष्टी निघाल्या की नातवंडं विचारतात, "जनावर केवढं होतं?" माझ्यातला मास्तर मात्र वेगळाच हिशेब मांडतो : बार कितीला पडला असेल?

शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचा शौक, असं आपण वाचतो. ते खोटं नाही. दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, आणि बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. काडतुसाच्या किमतीची चिंता त्यांना कशाला असेल! ती होती डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला. त्याचा आधार म्हणजे ठासणीची बंदूक. १८७८ च्या हत्यार कायद्यापासून तिलाही परवाना आला. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, वर छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, आणि मागे टोपी. काडतूस विकत घ्यायलाच नको. पण आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! दारूला ओल धरली की फुसका बार ठरलेला.

खरी अडचण पुढेच होती. भेकर भरतं २०-२५ किलो, तर सांबराचा नर २०० किलोच्या वर. भेकराला छर्रे पुरतात. तेच छर्रे सांबराच्या जाड कातड्यात रुतून बसतात आणि जनावर जखमी होऊन रानात कुठेतरी झिजत मरतं. गोळी भरावी, तर अंधारात पळत्या भेकराला ती लागणं कठीण. आणि एकदा ठासलेला बार आयत्या वेळी बदलता येत नाही. शेतावर काय येणार हे दिवस मावळतानाच ठरवावं लागे.

ज्यांना परवडे ते बारा बोअर घेत. तिच्यात निदान काडतूस चटकन बदलता येतं : पाखरांना बारीक छर्ऱ्यांचं, मोठ्या जनावराला एल.जी.चं. रायफलीची गोष्ट निराळी. पॉइंट ३०३ ही लष्कराची गोळी, म्हणून सरकारने ती सामान्य माणसाच्या हाती दिली नाही. त्यातून शिकाऱ्यांसाठी पॉइंट ३१५ रुजली. आधी ती रायफल विलायतेतून बी.एस.ए. कंपनीची येई, स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी कारखान्यांत होऊ लागली. तिची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची; तो कारखाना १८६९ चा. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम. विलायती काडतुसांपुढे स्वस्त, आणि चितळ व सांबर दोघांनाही चालणारी. अमेरिकेतले शिकारीही हरिण आणि एल्क यांच्यासाठी असाच हिशेब करतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा चुलतभाऊच. तिथेही नियम हाच : एकच गोळी घ्यायची तर ती मोठ्या जनावराच्या मापाने घ्यावी.

दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झालं. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा हा सगळा हिशेबच मिटला. बरं झालं, असं मी म्हणतो. पण त्या शेतकऱ्याला सरसकट क्रूर म्हणू नये. त्याला वर्षाची नाचणी वाचवायची होती आणि खिशात छर्ऱ्यांपुरतेच पैसे होते. जे कमी पडलं, ते जखमी सांबराने भरून दिलं. राजांच्या शिकारीची मोजदाद पुस्तकांत सापडते. या सांबरांची कुणी केली नाही.

असो. तुमच्या घरात माळ्यावर जुना गज किंवा छर्ऱ्यांची पिशवी असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून बघा, ती कशाच्या मापाने भरली जायची.