मृगाआधीची शाकारणी आणि जुहूची एक ट्यूबलाइट

पोस्ट थोडी लांब आहे, पण पाऊस तोंडावर आलाय म्हणून आजच लिहितोय.

मागच्या मे महिन्यात बायको-मुलांना घेऊन जुहूला आत्याकडे गेलो होतो. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. आत्याच्या शेजारी ऐंशी ओलांडलेलं जोडपं राहतं. मुलगा परदेशात, रोज न चुकता व्हिडिओ कॉल करतो. पण स्वयंपाकघरातली ट्यूब तीन आठवडे बंद! आजी म्हणाल्या, "एका ट्यूबसाठी कोण येतंय? आणि अनोळखी माणूस घरात घ्यायची भीती वाटते." आजोबा स्वतःच चढतील म्हणून त्यांनी स्टूल लपवून ठेवलं होतं.

आम्ही चौघं गेलो. मी ट्यूब बदलली, मुलानं बाथरूमच्या दाराची निसटलेली कडी बसवली, बायकोनं बाल्कनीतलं पाणी जाण्याचं तुंबलेलं भोक मोकळं केलं. मुलीनं माळ्यावरचे रोजच्या वापरातले डबे खाली हाताशी लावून दिले. दोन तास लागले. वर पन्हं मिळालं ते वेगळंच.

येताना डोक्यात एकच प्रश्न होता: हे काम नक्की कुणाचं?

जरा मागे जाऊया. जुहू म्हणजे मुळात साष्टीच्या पश्चिमेला चिकटलेलं वाळूचं चिंचोळं बेट. ओहोटीला चालत पलीकडे जाता यायचं. वस्ती कोळी, भंडारी यांची. १९२८ मध्ये इथे विमानांचा तळ झाला, १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. तोवर किनाऱ्यावरच्या गावांत घर टिकवायचं तर दरवर्षी मृग लागायच्या आत शाकारणी करावी लागे. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पडवीला झावळ्यांची झापं लावायची. हे एकट्याचं काम नव्हे. आज मी तुझ्या छपरावर, उद्या तू माझ्या. आमच्याकडे चिपळूणला याला सावड म्हणतात. एकट्या म्हातारीचं घर वाडीतली पोरं आधी शाकारून देत, असं आजोबा सांगायचे. उगाच गोड करून सांगत नाही, सावड जात आणि वाडी बघूनच चालायची. पण गळकं घर ही चार घरांची काळजी असते, एवढं तरी लोकांना मान्य होतं.

मग जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट योजना आली, सहकारी सोसायट्या आल्या, स्लॅब आला. स्लॅब शाकारावा लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला हाक मारायचं कारणच संपलं. जबाबदारी नियमांत वाटली गेली. बाहेरची गळती सोसायटीची, घरातलं ज्याचं त्यानं बघायचं.

सरकारनं काय केलं? जुन्या इमारतींसाठी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, पण तो कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या शहराला. उपनगरं बाहेरच राहिली. १९७६ मध्ये जुहूच्या लष्करी वायरलेस केंद्राभोवती ५०० यार्डांच्या आत ५० फुटांवर बांधायला बंधन आलं. उंची वाढवता येत नाही म्हणून बिल्डर फिरकत नाही, पुनर्विकास अडतो. आत्याची इमारत याच टापूतली. इमारत म्हातारी होत गेली आणि आतली माणसंही तिच्याबरोबर.

महापालिका कायद्याचं कलम ३५३ब तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करायला लावतं. त्यात खांब-तुळया बघतात, बाथरूमची कडी नाही बघत. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांना आणि वारसांना जबाबदार धरतो. मुलगा सातासमुद्रापार असेल तर स्टुलावर कोण चढणार, याचं उत्तर त्यात नाही. दोन्ही कायदे हवेतच. पण त्यांच्यामध्ये एक फट राहते, आणि म्हातारी माणसं नेमकी त्या फटीत घसरून पडतात. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुष्कळदा माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. म्हणजे प्रश्न ट्यूबचा नाहीच.

ही फट शेजारचं कुटुंबच भरू शकतं. कुटुंब का? अनोळखी माणसाला दार उघडायला घाबरणाऱ्या आजी, पोराबाळांसकट आलेल्या शेजाऱ्यांना उघडतात. आणि मुलंही बघून शिकतात.

करताना थोडं भान ठेवा. आधी विचारा, त्यांच्या वस्तू त्यांना विचारूनच हलवा. ट्यूब बदलतानाही आधी मेन स्विच बंद करा. वायरिंग, गॅस, गच्ची याला हात लावू नका. तिथे जाणकार माणूस बोलवा आणि तो असेपर्यंत तिथे बसून राहा. नुसतं बसणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

यंदा मृगाआधी आम्ही पुन्हा जुहूला जाणार आहोत. आजींनी फोनवर यादी सांगून ठेवलीय, पहिलंच काम गळका नळ. प्लंबर बोलावणार, आम्ही बसून राहणार.

तुमच्या मजल्यावर असं कुणी असेल तर या रविवारी बेल वाजवून बघा.