नगरचा किल्ला, पॅटन रणगाडा आणि बाबासाहेबांचे जग

केडगावहून नगरचा किल्ला पाहायला गेलो की तिथे नेत्यांची कोठडी दाखवतात. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद इथे कैदेत होते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. ती जागा जपलीच पाहिजे. पण बाहेर पडताना आम्हाला दर वेळी एकच प्रश्न पडतो. जागतिक राजकारणाचा अभ्यासक म्हटले की या देशाला फक्त नेहरूच का आठवतात? बाबासाहेब म्हटले की संविधान आणि आरक्षण, गाडी तिथेच थांबते. आणि हे काही फक्त सवर्ण प्राध्यापकच करत नाहीत. १४ एप्रिलच्या स्टेजवरून आपले वक्तेही तेच करतात.

बाबासाहेबांचा पहिला मोठा अभ्यासच मुळी सत्तांतराचा होता. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. १८५८ साली कंपनी गेली, राणीचे राज्य आले, पण कंपनीचे कर्ज मात्र भारतीय रयतेच्या माथी बसले. सत्ता कोणाकडून कोणाकडे जाते एवढेच न बघता तिचा खर्च कोण उचलतो, हे बघण्याची सवय इथून लागली. १९२३ च्या ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्येही तीच नजर आहे.

डिसेंबर १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ आले. हे पुस्तक न वाचताच त्यावर भांडणारे खूप. त्यात सरहद्द, साधनसंपत्ती आणि सैन्याची रचना यांचा हिशेब आहे. तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन देशांचे काय झाले, यावर स्वतंत्र विवेचन आहे. चेकोस्लोव्हाकिया हिटलरने गिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. सुरक्षित सरहद्दीपेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, असा त्यांचा मुद्दा होता.

काँग्रेसचे नेते नगरच्या किल्ल्यात होते तेव्हा बाबासाहेब दिल्लीत व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. यावरून त्यांना इंग्रजधार्जिणे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना १ जानेवारी १९४३ ला छापून आलेले रेडिओ भाषण वाचायला द्यावे. नाझी जिंकले तर जगभरच्या कामगारांचे आणि समतेचे काय होईल, हा त्यात सवाल आहे. इंग्रजांची आरती त्यात कुठेच नाही. त्याच सप्टेंबरात दिल्लीच्या कामगार शिबिरात ते संसदीय लोकशाहीच्या अपयशावर बोलले. सामाजिक आणि आर्थिक लोकशाही नसेल तर मताचा अधिकार तिला वाचवू शकत नाही, हा निष्कर्ष त्यांनी युरोपकडे बघून काढला होता. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्या दारात न्यावा असे त्यांच्या मनात होते.

ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळ सोडले. राजीनाम्याचे कारण विचारले तर आपण ‘हिंदू कोड बिल’ म्हणून मोकळे होतो. पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरण हे वेगळे कारण आहे, आकड्यांसकट. वर्षाच्या ३५० कोटी महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात आणि संकटात धावून येईल असा मित्र एकही नाही. शाळा, वसतिगृह, जमीन यांसाठी पैसा का उरत नाही, याचे एक उत्तर इथे सापडते. काश्मीरबाबत त्यांनी हिंदू आणि बौद्ध भाग भारताकडे, मुस्लिम भाग पाकिस्तानकडे असा तोडगा सुचवला होता. आज हे चौकात बोलून पाहा!

२६ ऑगस्ट १९५४ ला ते राज्यसभेत बोलले. चीनशी पंचशील करार होऊन चार महिने झाले होते. माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्याने आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असे त्यांनी सुनावले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची हद्द आपल्या दाराशी आली, हेही सांगितले. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र आपण भक्त नाही, म्हणून पुढचेही बोलले पाहिजे. त्याच भाषणात त्यांचा कल स्वतंत्र म्हणवणाऱ्या पाश्चात्त्य राष्ट्रांच्या बाजूने होता. आम्हाला हा भाग पटत नाही. मे १९५४ मध्येच अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला होता, आणि १९६५ च्या युद्धात त्याच अमेरिकेचे पॅटन रणगाडे खेमकरणच्या शेतांत आपल्यावर चालून आले. बाबासाहेबांनी चीन बरोबर ओळखला, अमेरिकेवर जरा जास्त भरवसा ठेवला. आमच्यातले काही कॉम्रेड मित्र नेमका एवढाच भाग उचलतात आणि चीनचा भाग गाळतात, तेही खरे नाही.

पॅटन रणगाडा नगरच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. येत्या रविवारी केडगावची पोरे किल्ला आणि हे संग्रहालय एकाच फेरीत करणार आहोत. येताना १९५१ चे निवेदन आणि १९५४ चे भाषण वाचून या, वाद तिथेच घालू. जय भीम.