बी. ए.ला समाजशास्त्र : एका विद्येच्या पहिल्या विद्यार्थ्यांची कथा

दरसाल बारावीचे निकाल लागले म्हणजे घरोघर एक प्रश्न विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, 'मला समाजशास्त्र घेऊन बी. ए. करावयाचे आहे,' आणि वडीलमाणसे विचारतात, 'बरे, पण ते करून पुढे काय?' प्रश्न पोटाचा आहे, आणि पोटाचा प्रश्न क्षुद्र मानण्याचे कारण नाही. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. हा विषय आहे तरी कोणता, आपल्या देशात तो आला कसा, आणि ज्यांनी तो प्रथम शिकला त्यांनी त्याचे काय केले? आज या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा विचार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. तज्ज्ञतेचा अधिकार मला नाही. एक वाचक आणि एक शिक्षक, एवढ्याच नात्याने मी बोलणार आहे.

या शास्त्राचे नाव पश्चिमेकडचे. फ्रान्समधील तत्त्ववेत्ता ऑग्युस्त कोंत याने १८३९ साली ते आपल्या ग्रंथात योजिले. पुढे पन्नास वर्षे ते बहुतांशी ग्रंथांतच राहिले. १८९२ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात अध्यापन सुरू झाले, तेव्हा तेथे या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. फ्रान्समध्ये एमिल दुरखीम याने बोर्दो येथे अध्यापन करून त्याला शास्त्राचे रूप दिले आणि लंडनमध्ये १९०७ साली हॉबहाऊस हे या विषयाच्या अध्यासनावर बसले. म्हणजे गणित, व्याकरण, न्याय यांच्या शेजारी हे शास्त्र अगदीच तान्हे म्हटले पाहिजे.

परंतु समाजाकडे डोळे उघडून पाहण्याची विद्या आपल्याकडे विद्यापीठाची वाट पाहत थांबली नव्हती. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात शतपत्रे लिहिली. जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाली. महसुली नोकरीत गावोगाव फिरलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून कुणब्यापासून बलुतेदारांपर्यंत आणि फिरस्त्या जमातींपर्यंत सारे गाव वाचकांपुढे उभे केले. यांपैकी एकाच्याही हाती समाजशास्त्राची पदवी नव्हती. पदवीने अशी दृष्टी निर्माण होतेच असे नाही. मात्र असलेली दृष्टी ती पारखून देऊ शकते. ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी.

आता पहिल्या विद्यार्थ्यांकडे वळू. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव रामजी आंबेडकर यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, परंतु समाजशास्त्र व मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन ते करीत होते. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जातीचे मर्म सोवळेओवळे किंवा धंदा यांत नसून जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. हे बंधन टिकवावयाचे तर जातीतील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की स्त्री 'अधिक' उरते. मग तिची व्यवस्था सतीने किंवा सक्तीच्या वैधव्याने लावावयाची. बायको मेली की पुरुष 'अधिक' उरतो. मग त्याच्यासाठी लहान वयाची मुलगी शोधावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी निरनिराळ्या दिसल्या, तरी त्या एकाच यंत्राची चाके आहेत हे त्यांनी दाखविले. ज्या गोष्टी प्रत्येक घरात घडत होत्या, त्यांतून एका विद्यार्थ्याने एक नियम काढला. १९१७ साली हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. असे असूनही पुढे पुष्कळ वर्षे आपल्या महाविद्यालयांच्या पाठ्यक्रमांत समाजाचा अभ्यासक या नात्याने त्यांचे नाव क्वचितच आढळे. या शास्त्राच्या इतिहासातील ही उणीव झाकून ठेवण्यासारखी नाही.

मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ साली निघाला व त्याचे पहिले प्राध्यापक झाले स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस. हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. झाडांच्या अभ्यासातून ते नगरांच्या अभ्यासाकडे वळले. १९१४ साली नगररचनेचे एक मोठे प्रदर्शन ते हिंदुस्थानात आणीत होते. ते सामान ज्या जहाजावर होते ते जर्मनांच्या 'एम्डेन' या युद्धनौकेने बुडविले, परंतु गेडीस खचले नाहीत. त्यांनी नवे सामान जमवून प्रदर्शन भरविले आणि त्यानंतर येथील अनेक शहरे पायी हिंडून त्यांवर अहवाल लिहिले. स्थळ, काम आणि लोक ही त्यांची त्रिसूत्री होती. नदी कोठे आहे, तिच्या काठी कोणता धंदा चालतो, तो धंदा करणारी माणसे कशी राहतात, या क्रमाने गाव पाहावयास ते शिकवीत. जुनी आळी दिसली की ती पाडून टाका, असे त्यांनी कधी म्हटले नाही. आधी ती नीट पाहा, मगच तिला हात लावा, असा त्यांचा आग्रह असे.

त्याच सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकून एम. ए. झालेला एक मालवणचा तरुण होता. त्याचे नाव गोविंद सदाशिव घुर्ये. १८९३ साली जन्मलेल्या या तरुणाने समाजशास्त्र घेऊन बी. ए. केले नव्हते, आणि करणार तरी कसे? तशी सोयच नव्हती. त्याने मुंबई शहरावर एक निबंध लिहून गेडीस यांना दाखविला. तो त्यांच्या पसंतीस उतरला व तरुणाला विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली. तेथे प्रथम लंडनला हॉबहाऊस यांच्याकडे आणि नंतर केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे शिकून ते परतले, आणि १९२४ साली मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. १९५९ साली ते निवृत्त झाले. मधल्या पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखाली जे विद्यार्थी तयार झाले, ते पुढे देशभरच्या विद्यापीठांत शिकवू लागले.

घुर्यांचा जातींवरील ग्रंथ १९३२ साली निघाला. त्यात त्यांनी जातिव्यवस्थेची सहा लक्षणे सांगितली : समाजाचे तुकडे, त्यांतील उच्चनीचता, रोटीव्यवहाराची बंधने, कोणास हक्क तर कोणास मज्जाव अशी स्थिती, धंदा निवडण्यास अटकाव, आणि बेटीबंदी. ही सहा लक्षणे आजही बी. ए.च्या विद्यार्थ्यास पाठ असतात. त्याच ग्रंथात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. नाकाच्या मोजमापावरून जातीचा दर्जा ठरतो, असा सिद्धांत रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मांडला होता. घुर्यांनी तीच मापे प्रांतवार तपासली. उत्तरेकडील एका भागात सिद्धांताला थोडा आधार सापडला, परंतु इतर प्रांतांत तो टिकला नाही. राज्यकर्त्याचा शब्द म्हणून ते दबले नाहीत आणि परक्याचा शब्द म्हणून त्यांनी तो फेकूनही दिला नाही. त्यांनी तो आकड्यांवर घासून पाहिला. विद्यार्थ्याने पाठ करावयाचे असेल तर ते हे.

घुर्यांचे सर्वच म्हणणे मान्य झाले असे मात्र नाही. आदिवासींना त्यांनी 'मागासलेले हिंदू' म्हटले, तर व्हेरियर एल्विन यांचा आग्रह त्यांचे निराळेपण जपण्याचा होता. त्या वादात दोघांनीही पुष्कळ लिहिले. आदिवासींना स्वतःला काय वाटते, हा तिसरा पक्ष मात्र पुढे बोलू लागला, तेव्हा आधीचे दोन्ही पक्ष अपुरे दिसू लागले. एकाच प्रश्नाला तीन बाजू असतात हे सतराव्या-अठराव्या वर्षी कळणे ही लहानसहान प्राप्ती नव्हे.

घुर्यांच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या व फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली बी. ए. झालेल्या या विद्यार्थिनीने एम. ए.च्या प्रबंधासाठी विषय निवडला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच जातीचा. जे आपण ताटात रोज वाढून घेतो त्याकडे परक्याच्या नजरेने पाहावयाचे, हे दिसते तितके सोपे नाही. पुढे त्या बर्लिनला गेल्या. तेथे त्यांच्या गुरूचा कल वंशश्रेष्ठत्वाकडे होता. माणसांच्या कवट्या मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्या मापांतून ते श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. आत्या, मामा, दीर, भावजय या शब्दांच्या पोटी प्रांताप्रांताच्या विवाहपद्धती कशा दडलेल्या आहेत, हे त्यात दिसते. उत्तरेकडे मुलगी अनोळखी घरी दूर दिली जाते. दक्षिणेकडे ती पुष्कळदा मामाच्याच घरी जाते. आपला महाराष्ट्र मधोमध. येथे मामेबहिणीशी लग्न पुष्कळ जातींत चालते, आतेबहिणीशी सहसा चालत नाही. शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारून पाहावे, उत्तर त्याच्या घरीच असते.

पदवीच्या वर्गात समाजाचे शास्त्र आणण्याचा लक्षात राहण्याजोगा प्रयोग मात्र म्हैसूरला झाला. तेथे ए. आर. वाडिया यांच्या पुढाकाराने समाजविषयक तत्त्वज्ञानाचा एक सन्मान-पदवीचा अभ्यासक्रम चालत असे. १९३६ साली ती पदवी घेऊन एम. एन. श्रीनिवास हा तरुण मुंबईस घुर्यांकडे आला. त्याचा प्रबंध म्हैसूरकडील कन्नड लोकांच्या विवाह व कुटुंबपद्धतीवर होता, आणि तो १९४२ साली ग्रंथरूपाने आला. घुर्ये हे संस्कृताचे पंडित. त्यांचा भर पोथ्यापुराणांवर असे. श्रीनिवास पुढे म्हणू लागले, पोथीत लिहिलेला समाज निराळा व ओसरीवर बसलेला निराळा. १९४८ साली ते म्हैसूरकडील एका खेड्यात जाऊन राहिले. १९७० साली अमेरिकेत असताना ते बसत त्या इमारतीस आग लावण्यात आली व टिपणांवरून तयार केलेली सारी सामग्री तिन्ही प्रतींसह जळाली. तेव्हा मुख्यतः आठवणीतून त्यांनी १९७६ साली त्या खेड्यावर ग्रंथ लिहिला. कागद जळाले तरी गाव जळाले नाही, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

घुर्ये केवळ पोथीनिष्ठ होते असे मात्र कोणी समजू नये. पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यानंतर लवकरच, १८१९ च्या सुमारास, लिहून ठेविले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी घुर्ये त्याच लोणीकंदाकडे वळले आणि तेव्हाचे गाव व आताचे गाव यांची तुलना करणारे पुस्तक त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. अशा जुन्या नोंदी आपल्या प्रांतात थोड्याथोडक्या नाहीत. जिल्ह्याजिल्ह्याची जुनी गॅझेटियरे आहेत, जनगणनेची पुस्तके आहेत, शाळांची जनरल रजिस्टरे आहेत.

श्रोतेहो, या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडचे हे शास्त्र विद्यार्थ्यांच्या निबंधांतून व प्रबंधांतून उभे राहिले. आंबेडकरांचा अभ्यासवर्गातील निबंध, घुर्यांचा मुंबईवरील निबंध, इरावतीबाईंचा व श्रीनिवासांचा एम. ए.चा प्रबंध, हे सारे विशीतले काम. आणि प्रत्येकाचा विषय कोणता? ज्या व्यवस्थेचे चटके सोसले ती जात, ज्यात राहिलो ते शहर, ज्यात जन्मलो ते घराणे, ज्या प्रांतात वाढलो तेथील विवाह. आज परीक्षेचे मार्गदर्शक बाजारात मिळतात. त्यांतून सहा लक्षणे पाठ करून पदवी घेता येते आणि त्या पदवीने मग 'पुढे काय?' हा प्रश्न खरोखरच सुटत नाही. दोष विषयाचा नाही, तो शिकण्याच्या रीतीचा आहे.

नोकरीचे म्हणाल तर शिक्षक, समाजसेवक, पत्रकार, सरकारी पाहणी करणारे, ग्रामविकासाचे काम करणारे, या सर्वांना ही विद्या उपयोगी पडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस हा विषय घेणारेही पुष्कळ आहेत. परंतु कोणतीही पदवी हमी देत नाही, आणि ही तर मुळीच देत नाही. पालकांनी हे मुलांपासून लपवू नये आणि मुलांनी स्वतःपासून लपवू नये.

माझे सांगणे एवढेच की, ज्याने हा विषय घेतला असेल त्याने पहिल्याच वर्षी एक कोरी वही करावी. आपल्या गावची पाण्याची जागा, तेथे कोण कोणत्या वेळी येते, वाड्यावस्त्यांची नावे कशी पडली, कोणत्या घरातील मुलगी शाळेतून कधी काढली व का, कोणाचे शेत कोणाकडे गेले, हे विचारून आणि डोळ्यांनी पाहून लिहावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यांना ते वाचून दाखविण्याची लाज वाटणार नाही असे लिहावे. तीन वर्षांनी विद्यापीठ जे प्रमाणपत्र देईल ते देईल. ही वही मात्र त्या गावाला कधीच निरुपयोगी होणार नाही. आत्र्यांचा 'गावगाडा' शंभर वर्षांनंतरही वाचला जातो, हे त्याचे प्रमाण आहे.