स्टीव्हन्स, जॉन
(१७४९–६ मार्च १८३८). अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील लष्करी अधिकारी, संशोधक व अमेरिकेतील लोहमार्गांचा आद्य पुरस्कर्ता. न्यूयॉर्क येथे एका सधन कुटुंबात जन्म. किंग्ज कॉलेजातून (नंतरचे कोलंबिया विद्यापीठ) १७६८ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने कायद्याचा अभ्यास केला. स्वातंत्र्ययुद्धात तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात कॅप्टन होता. पुढे तो कर्नल झाला. युद्धकाळात न्यू जर्सीचे कोषाध्यक्षपदही त्याने सांभाळले. ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ राहिलेल्या विल्यम बेयर्डची जप्त झालेली जमीन त्याने १७८४ मध्ये लिलावात विकत घेतली. हडसन नदीकाठच्या या जमिनीवरच पुढे होबोकेन शहर वसले.

वाफेच्या शक्तीचा वाहतुकीसाठी उपयोग करण्याचा त्याला ध्यास होता. संशोधकांच्या हक्कांना संरक्षण मिळावे म्हणून त्याने काँग्रेसकडे केलेल्या अर्जाचा १७९० च्या एकस्व (पेटंट) कायद्याला हातभार लागला. १८०४ मध्ये त्याने दोन मळसूत्री प्रचालकांची छोटी वाफेची नाव हडसन नदीत चालविली. फुल्टन व लिव्हिंग्स्टन यांना न्यूयॉर्कच्या जलमार्गांवर मक्तेदारी मिळाल्याने त्याने आपली ‘फिनिक्स’ ही आगबोट १८०९ मध्ये समुद्रमार्गे फिलाडेल्फियास धाडली. खुल्या समुद्रातून प्रवास करणारी ही पहिली आगबोट होय.

जलमार्गांकडून तो लवकरच लोहमार्गांकडे वळला. १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने कालव्यांपेक्षा लोहमार्ग व वाफेच्या गाड्या अधिक फायदेशीर ठरतील, असे प्रतिपादन केले. त्या वेळी जगात प्रवाशांची वाफेवर चालणारी नियमित रेल्वे कोठेही नव्हती. त्याचा मेहुणा रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यानेही खर्च व धोका ही कारणे पुढे करून ही कल्पना अव्यवहार्य ठरविली आणि न्यूयॉर्क राज्याने ईअरी कालव्याचा मार्ग पत्करला. तथापि ६ फेब्रुवारी १८१५ रोजी न्यू जर्सीच्या विधिमंडळाने डेलावेअर व रॅरिटन या नद्यांदरम्यान लोहमार्ग बांधण्याची सनद मंजूर केली. अमेरिकेतील ही अशा प्रकारची पहिली सनद होय. १८२३ मध्ये पेनसिल्व्हेनियानेही फिलाडेल्फिया–कोलंबिया मार्गासाठी अनुमती दिली. मात्र न पाहिलेल्या वाहनात पैसा गुंतविण्यास भांडवलदार धजावले नाहीत व दोन्ही सनदा कागदावरच राहिल्या.

अखेर लोकांची खात्री पटविण्यासाठी पंचाहत्तरी गाठलेल्या स्टीव्हन्सने १८२५ मध्ये होबोकेन येथील आपल्या आवारात स्वखर्चाने वर्तुळाकार मार्ग बांधून त्यावर वाफेचे एंजिन चालविले. बहुनलिका बाष्पित्र असलेले हे एंजिन प्रायोगिकच होते. परंतु अमेरिकेत तयार होऊन रुळांवर चाललेले ते पहिले वाफेचे एंजिन होय.

त्याची योजना त्याच्या मुलांनी तडीस नेली. १८३० मध्ये सनद मिळालेल्या कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेचा रॉबर्ट हा अध्यक्ष व एडविन हा कोषाध्यक्ष झाला. रॉबर्टने सपाट तळाच्या रुळाचा आराखडा केला. जगभर रूढ झालेले रूळ याच धर्तीचे आहेत. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया यांमधील दळणवळण या रेल्वेने सुलभ केले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यासाठी भांडवल मिळाले नव्हते, ते काम स्टीव्हन्सच्या हयातीतच पूर्ण झाले. होबोकेन येथे त्याचे निधन झाले. एडविनच्या मृत्युपत्रातील देणगीतून तेथेच १८७० मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली.