उसन्या विश्वांतील कादंबऱ्या

अमेरिकेंतील नभोवाणीवर साबणाच्या कारखानदारांच्या पैशांनीं चालणाऱ्या कौटुंबिक कथामालांना तेथील लोक थट्टेनें ‘सोप ऑपेरा’ म्हणूं लागले. त्याच चालीवर १९४१ सालीं विल्सन टकर या अमेरिकन लेखकानें ग्रहताऱ्यांच्या रटाळ साहसकथांना ‘स्पेस ऑपेरा’ असें हिणविणारें नांव दिलें. पुढें त्या नांवांतला डंख गेला. आणि मे १९७७ मध्यें पडद्यावर आलेल्या जॉर्ज ल्यूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’नें तर हा प्रकार घरोघर पोंचविला. त्या चित्रपटाच्या विश्वांत इतर लेखकांनीं ज्या कादंबऱ्या रचिल्या, त्यांचें मोल कसें ठरवावें, एवढाच आजचा प्रश्न आहे. कित्येक टीकाकार त्यांना व्यापारी माल म्हणून बाजूला सारतात. कित्येक भक्त त्यांतील ओळ न् ओळ प्रमाण मानतात. मला दोन्ही वाटा चुकीच्या वाटतात.

या कादंबऱ्यांचा लेखक परक्या वाड्यांतील बिऱ्हाडकरू असतो. भिंतींत खिळा ठोकावयाचा तरी धन्याची परवानगी हवी. आणि धनी उद्यां सगळा वाडाच नव्यानें बांधील, हें भय निराळेंच. पहिल्या पुस्तकापासून ही स्थिति दिसून येते. चित्रपटापूर्वीं सहा महिने, नोव्हेंबर १९७६ मध्यें, त्याची कादंबरी निघाली. मुखपृष्ठावर नांव ल्यूकस यांचें. लेखन मात्र ॲलन डीन फॉस्टर यांचें. १९७८ मध्यें फॉस्टर यांनीं स्वतःच्या नांवानें ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ लिहिली. जरूर पडल्यास थोडक्या खर्चांत दुसरा चित्रपट काढतां यावा, अशा बेतानें ती रचलेली होती. म्हणून तींत धुक्यानें झांकलेला ग्रह आहे, आणि हॅन सोलो नाहीं. कारण ती भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड पुढील चित्रपटांसाठीं अद्याप करारानें बांधले गेले नव्हते. ल्यूक आणि लेया यांची परस्परांविषयींची ओढ तींत मोकळेपणीं रंगविली आहे. पुढें १९८३ च्या चित्रपटानें तीं दोघें बहीणभाऊ असल्याचें सांगितलें, आणि लेखकाचा कांहींएक अपराध नसतां पुस्तक अवघडलें. अशा पुस्तकाचा दोष मोजतांना तो लेखणीचा कीं कराराचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

ब्रायन डेली यांनीं १९७९ आणि १९८० मध्यें हॅन सोलोवर तीन कादंबऱ्या लिहितांना शहाणपणाची वाट धरली. चित्रपटापूर्वींचा काळ निवडून त्यांनीं मुख्य कथेला हातच लावला नाहीं. व्यापारी सत्तेखालील एक दूरचा कोपरा त्यांनीं निर्माण केला, आणि छातीच्या पोकळींत चिमुकलें गणकयंत्र बाळगणारा एक जुनाट यंत्रमानव नायकाच्या सोबतीला दिला. जागा लहान, पण संसार नेटका.

टिमोथी झान यांची कामगिरी याहून मोठी. मुख्य मालिकेंतला चित्रपट येऊन आठ वर्षें लोटलीं होतीं. अशा वेळीं १९९१ मध्यें त्यांच्या ‘एअर टु द एम्पायर’नें ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादींत पहिलें स्थान मिळविलें, १९९३ पर्यंत त्रयी पुरी झाली. झान यांचा सेनापति थ्रॉन शत्रूच्या जमातीचीं चित्रें व शिल्पें न्याहाळतो, त्यांवरून तिच्या मनाचा दुबळेपणा हेरतो आणि मग लढाई आखतो. उसन्या विश्वाला येथें खरोखरीच नवें कांहीं मिळालें. साम्राज्याच्या राजधानीला झान यांनीं दिलेलें ‘कोरुसांट’ हें नांव १९९९ च्या चित्रपटानेंही घेतलें. बिऱ्हाडकरूनें लावलेलें झाड धन्यानें आपलें म्हटलें. शेवटच्या खंडांत मात्र ल्यूकच्या तुटलेल्या हातापासून घडविलेली त्याचीच प्रतिकृति लढावयास येते, तेथें कथेचा तोल सुटतो, हेंही सांगितलें पाहिजे.

मागून आलेल्यांपैकीं कांहींनीं संकटाचा आकार तेवढा वाढविला. केविन अँडरसन यांच्या १९९४ च्या त्रयींत एक लहानसें यान ताऱ्यांचाच स्फोट करूं लागलें. संकट वाढलें, भय वाढलें नाहीं; कारण मुख्य पात्रें मरणार नाहींत, हें वाचक जाणून होता. आपल्या कीर्तनांत आख्यानाचा शेवट श्रोत्यांना आधींच ठाऊक असतो. रस असतो तो निरूपणांत. ज्यांनीं हें ओळखलें नाहीं, त्यांचीं पुस्तकें पोकळ राहिलीं. १९९९ मध्यें आर. ए. साल्वाटोरे यांच्या ‘व्हेक्टर प्राइम’मध्यें कोसळत्या चंद्राखालीं च्यूबाका मारला गेला, तेव्हां पुष्कळ वाचक संतापले. त्या संतापाचा मला अर्थ असा दिसतो, कीं या विश्वांत प्रथमच कोणाचें तरी मरण खरें वाटलें होतें.

२०१२ मध्यें ल्यूकस यांची संस्था डिस्ने कंपनीनें घेण्याचें ठरलें; आणि २५ एप्रिल २०१४ रोजीं जाहीर झालें, कीं आजवरच्या कादंबऱ्या यापुढें ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, समजल्या जातील. एका पत्रकानें शेंकडों पुस्तकांतील घटना न घडलेल्या ठरल्या. दोनच वर्षांनीं, २०१६ मध्यें, थ्रॉन दूरचित्रवाणीवरील मालिकेंत परत आला. २०२० मध्यें फॉस्टर यांनीं आपल्या जुन्या पुस्तकांचें मानधन नव्या मालकांकडून मिळत नसल्याची तक्रार लेखकसंघामार्फत जाहीरपणें मांडली. पुढल्या वर्षीं तो वाद मिटल्याचें कळलें. ज्यांच्या लेखणीनें विश्व वाढविलें, त्यांचा त्यावरील हक्क किती दुबळा असतो, हें त्यावरून दिसलें.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच, कीं या पुस्तकांना धन्याच्या शिक्क्यावरून तोलूं नये. शिक्का आज असतो, उद्यां निघतो. लेखकाला बंधनें कोणतीं होतीं, त्या बंधनांत त्यानें कोणतें माणूस किंवा कोणती कल्पना नव्यानें उभी केली, आणि चित्रपट विसरूनही तें पुस्तक पुन्हां उघडावेंसें वाटतें काय, एवढें विचारावें. फॉस्टर यांचें पुस्तक या कसोटीवर अर्धेंमुर्धें टिकतें; डेली व झान यांचें बरेंचसें टिकतें. वाचकानें ज्या रात्री तीं जागून वाचलीं, त्या कोणत्याही पत्रकानें रद्द होत नाहींत.